बत्तिशीमामाचा आवडता सिनेमा

माझा मामा दुसऱ्यांचे दात बनवतो. तो दातांचा डॉक्टर नाही. डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेतो आणि ते माप मामाच्या टेबलावर येऊन पडतं. मग मामा त्यात प्लास्टर ओततो, मेणावर एकेक दात बसवतो, गुलाबी हिरड्या घडवतो आणि शेवटी फिरत्या चाकावर घासून कवळी अशी चकचकीत करतो की ती ज्याच्या तोंडात जाते त्याला हसायला कारण लागत नाही. सगळा रस्ता त्याला बत्तिशी म्हणतो. आम्ही बत्तिशीमामा म्हणतो, पण त्याच्या पाठीमागे.

त्याच्या दुकानाच्या बरोबर समोर माझ्या बाबांचं चष्म्याचं दुकान. एकाकडे लोक कवळी टोचते, चावता येत नाही म्हणून यायचे, दुसऱ्याकडे दिसत नाही म्हणून, आणि काही म्हातारे एकाच फेरीत दोन्ही उरकायचे. आई मामाची थोरली बहीण. ती टपाल कचेरीत काउंटरवर बसायची, त्यामुळे माणसांना रांगेत उभं करायची तिला सवय होती. पुढे ती उपयोगी पडली.

मामानं लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "ज्यात मध्यंतर नाही तो खेळ मी बघत नाही." बाकी प्रत्येक खेळ त्यानं बघितला. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून नवा सिनेमा लागला की पहिल्या दिवशी हा हजर. मागून तिसरी रांग, कडेची खुर्ची, भुवयांवर पॉलिशची पांढरी भुकटी. आत बसल्यावर अवाक्षर काढायचा नाही, शेंगदाणा खायचा नाही, शेजारी कुणी कुजबुजलं तर त्याच्याकडे असा बघायचा की त्या माणसाची दातखिळी बसावी. मग दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या दुकानात चहा घेता घेता सिनेमाची चिरफाड सुरू व्हायची. ती ऐकायला लोक जमायचे. सिनेमा बघावा की नाही हे ठरवायला कुणी येत नसे. बघून आपण किती मोठे गाढव ठरलो, तेवढं जाणून घ्यायला यायचे.

बाबा जुन्या सिनेमांचे भक्त. जुनं म्हणजे बावनकशी आणि नवं म्हणजे थिल्लर, हे त्यांचं ठरलेलं. मामाला हे मान्य नव्हतं. त्याच्या मते जुनेही भिकार होते आणि नवेही भिकार आहेत, फक्त भिकारपणाची तऱ्हा बदलली.

"तुमच्या जुन्या सिनेमातला हीरो बघा," तो म्हणायचा. "पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, पोट सुटलेलं, आणि धावत येऊन म्हणतो, आई, मी पास झालो! अहो, त्या वयाची माणसं माझ्याकडे पहिली दाढ बसवायला येतात. आणि आई? आई त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. तिचे सगळे दात शाबूत."

"त्या माउलीच्या डोळ्यांत काय करुणा असायची, ते बघ की," बाबा म्हणायचे.

"डोळ्यांचं तर बोलूच नका. ती आंधळी असायची. शेवटी खांबावर डोकं आपटलं की तिला दिसायला लागायचं. भाऊजी, तुम्ही उगाच ते डोळे तपासायचं महागाचं मशीन घेतलंत. दुकानात एक खांब उभा केला असतात तर भागलं असतं."

दुकानात हशा पिकायचा. बाबा भिंग पुसत पुसत म्हणायचे, "आणि आताचे? आताच्या सिनेमात दिसतं का काही?"

इथं मामाचं त्यांच्याशी एकमत होतं, म्हणून तो अधिकच चेकाळायचा. "नाहीच दिसत! सगळा अंधार. कोण कुणाला मारतंय पत्ता नाही. शेवटी जो घरी जातो तो हीरो समजायचा. आणि बोलतात कसे? जबडा उघडतच नाहीत. तोंड मिटून बोलणं माप घेताना ठीक, तोंडात लगदा असतो. यांच्या तोंडात काय असतं? बारा वर्षं तळघरात कोंडलेला माणूस बाहेर येतो, दाढी गुडघ्यापर्यंत, कपड्यांच्या चिंध्या, आणि दात? मी काल पॉलिश करून दिल्यासारखे! सगळ्यांच्या तोंडात एकाच साच्याचा माल."

पण त्याचा खरा राग भागांवर होता. भाग एक, भाग दोन. "तीन तास बसवून ठेवतात आणि ऐन वेळी सांगतात, पुढचं दोन वर्षांनी. मी आज वरची कवळी दिली आणि म्हटलं, खालची दोन वर्षांनी, तर गिऱ्हाईक मला चावेल. चावता येणार नाही त्याला, पण प्रयत्न नक्की करेल."

असं पंधरा वर्षं चाललं. सकाळी भांडायचे, दुपारी मामा आमच्याकडे जेवायला, संध्याकाळी पुन्हा भांडण. तो आमच्या घरातला करमणुकीचा कार्यक्रम होता आणि त्याला तिकीट नव्हतं.

मी आठवीत होते तेव्हा एका रविवारी जेवताना बाबा म्हणाले, "तू जन्मभर सगळ्यांना नावंच ठेवत आलास. एक, फक्त एक सिनेमा सांग, जो तुला मनापासून आवडला."

मामानं घास खाली ठेवला. मग जरा लाजत, एखाद्या मुलीचं नाव सांगावं तसं, त्यानं सांगितलं. नदीचा सिनेमा. एकोणिसाव्या वर्षी, आपल्या टॉकीजमध्ये, तीनच्या खेळाला पाहिलेला. एक नावाडी असतो. पूर येतो. गावातल्या लोकांना तो एकेक करून पलीकडे नेतो, आणि शेवटी नाव दोराला अडकते म्हणून तो दोर कापायला पाण्यात उडी मारतो. नाव सुटते. काठावर त्याची बायको वळून पाण्याकडे बघते. संपलं.

"ती रडत नाही," मामा म्हणाला. "ओरडत नाही. गाणं नाही. ती फक्त बघते, आणि पडदा पांढरा होतो. अख्ख्या थिएटरात कुणी हललं नाही. मी चालत घरी आलो आणि दोन दिवस कुणाशी बोललो नाही. तो सिनेमा. बाकी सगळा भुसा."

बाबांचा चेहरा उजळला. "अरे, तो माझाही आवडता! मी चष्म्याचं काम शिकायला बाहेर होतो तेव्हा तिकडे पाहिला. काय शेवट आहे! तो पाण्यातून वर येतो तेव्हा..."

"कोण वर येतो?"

"नावाडी."

"नावाडी मरतो, भाऊजी."

"मरतो कसा? वर येतो, बायकोला उचलून घेतो, गाणं होतं..."

"गाणं?" मामानं असं विचारलं जणू बाबांनी ताटात गोम टाकली होती.

यानंतर जे झालं ते शहाण्या माणसांत होऊ नये. बाबा म्हणाले, तू झोपला असशील. सिनेमात पापणीही न हलवणाऱ्या माणसाला हे असं म्हणणं म्हणजे साधं नव्हे. मामा म्हणाला, तुम्हाला स्वतःला दिसत नाही आणि गावाला चष्मे विकता. बाबा म्हणाले, मी या डोळ्यांनी पाहिलंय, बत्तिशी. हा शब्द आमच्या घरात कुणी त्याच्या तोंडावर कधी उच्चारला नव्हता. मामा उठला, हात धुतला, आईला म्हणाला, "ताई, येतो," आणि गेला. तो पुढची सहा वर्षं आमच्या घरी आला नाही.

खरं-खोटं करायला तो सिनेमा कुठं मिळत नव्हता. टीव्हीवर तो कधी लागला नाही. गावात विचारलं तर कुणी म्हणे मेला, कुणी म्हणे वर आला. मी इंटरनेटवर शोधलं, तर त्याच्यावर दोन ओळी होत्या आणि त्यात शेवट सोडून सगळं होतं.

दुकानं मात्र समोरासमोरच राहिली. अबोला धरायला यापेक्षा वाईट जागा नाही. नवा सिनेमा लागला की मामा आपल्या पायरीवर उभा राहून एखाद्या गिऱ्हाइकाला मोठ्यानं मत सांगायचा, म्हणजे ते रस्ता ओलांडून जावं. बाबा त्याचं उत्तर आपल्या समोरच्या गिऱ्हाइकाला द्यायचे. एकदा एक बिचारे गृहस्थ नाकावर तपासणीची फ्रेम चढवून अर्धा तास तसेच बसले होते, कारण बाबा त्यांना भिंगाबद्दल विचारायचं सोडून जुन्या सिनेमातल्या संवादांची महती सांगत होते. "शेवटची ओळ वाचा," असं बाबा अखेर म्हणाले तेव्हा ते म्हणाले, "मला सगळ्या ओळी पाठ झाल्यात आता."

तिसऱ्या वर्षी बाबांचे दात गेले. डॉक्टरांना त्यांनी बजावून सांगितलं, "माप हवं तिकडे पाठवा, त्या समोरच्याकडे नको." डॉक्टर म्हणाले, बरं. आणि त्यांनी ते समोर पाठवलं, कारण दुसरा चांगला माणूस त्यांना माहीत नव्हता.

मापावर नाव नसतं, नुसता आकडा असतो. पण मामानं प्लास्टर ओतलं, साचा सुकला, त्यानं तो हातात घेतला आणि ओळखला. आईनं मला हे नंतर सांगितलं. तिला त्यानं टपाल कचेरीत जाऊन, रांगेत उभं राहून सांगितलं होतं. "ताई, भाऊजींचा जबडा माझ्या टेबलावर आहे. पंधरा वर्षं माझ्याशी वाद घातलेला जबडा मी ओळखणार नाही होय?"

"मग आता काय करणारेस?" आईनं विचारलं.

"काय करणार? दात करणार."

ती कवळी त्यानं तीनदा मोडून पुन्हा केली. पुढचा एक दात त्यानं किंचित तिरका बसवला, बाबांचा मूळचा होता तसा. बाबा ती घालून घरी आले आणि आरशासमोरून हलेनात. "बाहेरून करून आलीय," म्हणाले. "कारागीर आहे कुणीतरी. नाहीतर आपल्याकडे समोर काय ठोकळे बसवतात!" आईनं ताटं मांडता मांडता माझ्याकडे बघितलं.

सहाव्या वर्षी मॉलमधल्या थिएटरात फलक लागला. कुणा हौशी मंडळींनी जुन्या सिनेमांच्या प्रती शोधून, धुऊनपुसून पुन्हा दाखवायला घेतल्या होत्या. आठवड्याला एक. त्यात नदीचा सिनेमा होता. शनिवार, सकाळी अकरा.

आईनं चार तिकिटं काढली आणि बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, त्याच्याबरोबर मी बसणार नाही.

आईनं हातातला टॉवेल खाली ठेवला. "तीन वर्षं तुमच्या तोंडात त्यानंच केलेले दात आहेत. त्याच्या दातांनी त्यालाच शिव्या देताय, काही वाटतं का?"

बाबांचा हात तोंडाकडे गेला. कवळी काढून ते तिच्याकडे बघतात की काय असं मला वाटलं, पण त्यांनी ती आतच चाचपली. मग म्हणाले, "तिरका दात त्यानं मुद्दाम बसवला?"

"मुद्दाम."

"अकराचा आहे ना? साडेदहाला निघू."

मामाला आणायला आई स्वतः गेली. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. आम्ही चौघं एका रांगेत बसलो: बाबा, आई, मी, मामा. दोघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली, बँकेतल्या दोन अनोळखी माणसांसारखी.

सिनेमा चांगला होता. हे मी मामाच्या धाकानं म्हणत नाही. नावाडी खरा नावाड्यासारखा दिसत होता, त्याचा एक दात पुढं आलेला होता, आणि पुराचं पाणी बघून मी खुर्चीत पाय वर घेतले. त्यानं दोर कापायला उडी मारली. नाव सुटली. बायको वळली. ती बघत राहिली. मी मामाकडे पाहिलं, तर त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तो हळूच उठला आणि जायला निघाला. त्याचा सिनेमा संपला होता.

तेवढ्यात पाण्यातून एक डोकं वर आलं.

मामा मधल्या वाटेवर थबकला. नावाडी काठावर आला. शर्ट कोरडा, भांग जागच्या जागी. बायकोनं किंकाळी फोडली, त्यानं तिला उचललं, आणि नदी, जी दहा सेकंदांपूर्वी अख्खं गाव गिळत होती, ती बशीतल्या चहासारखी शांत झाली. मग गाणं. गाण्यात तीस नर्तक, पुरातून वाचलेले, सगळे एकसारख्या पिवळ्या कपड्यांत. मग खलनायक धावत येऊन नावाड्याच्या पायावर पडला आणि म्हणाला, मी तुझा सख्खा भाऊ आहे.

"ओ काका, खाली बसा!" मागून कुणी ओरडलं. मामा तिथंच, वाटेतल्या पायरीवर बसला. तो सगळा चौदा मिनिटांचा शेवट त्यानं तिथं बसून पाहिला, गुडघ्यांवर हात ठेवून.

बाबा जिंकले होते. सहा वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता. पण मी बघितलं तर ते खुर्चीत खाली खाली सरकत होते. दिवे लागले तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि आईला हळूच म्हणाले, "हे असं होतं? मला फार भव्य आठवत होतं गं."

बाहेर मामा सरळ चालू लागला. रविवारी दुकान उघडलं नाही. सोमवारी त्यानं आमच्या जुन्या टॉकीजच्या डोअरकीपरला गाठलं. टॉकीज कधीच पडलं होतं, पण डोअरकीपर होता आणि त्याचे खालचे दात मामानं केलेले होते. मामानं त्याला नदीच्या सिनेमाबद्दल विचारलं.

"तीनचा खेळ ना?" म्हातारा लगेच म्हणाला. "तो आम्ही कापायचो."

"म्हणजे?"

"अहो, सिनेमा लांब. सहाच्या खेळाची गर्दी दारात दंगा करायची. मॅनेजर ऑपरेटरला म्हणाला, शेवटचं रीळ लावूच नकोस. उडी मारली, बायको वळली की बंद. फक्त तीनच्या खेळाला हं. सहाला आणि नऊला पूर्ण दाखवायचो."

"आणि कुणी तक्रार नाही केली?"

"एका बाईनं केली. म्हणाली, पुढं काय झालं ते सांगा. मॅनेजर म्हणाला, बाई, मेला तो, घरी जा."

त्याच दुपारी मामा आमच्या घरी आला. सहा वर्षांनी. आईनं काही न विचारता एक पान वाढलं. तो बसला, बाबांकडे बघून म्हणाला, "भाऊजी, तुमचं बरोबर होतं. नावाडी वर येतो. मी तुम्हाला आंधळा म्हणालो, ते मागे घेतो."

"मीही तुला झोपलास म्हणालो..."

"थांबा, माझं व्हायचंय. तुमचं बरोबर होतं, पण सिनेमा माझाच चांगला होता." आणि त्यानं डोअरकीपरनं सांगितलेलं सगळं सांगितलं. बाबा आधी गंभीरपणे ऐकत होते. 'मेला तो, घरी जा' इथं आल्यावर त्यांना हसू आवरेना, ठसका लागला, आईनं पाठीवर थोपटलं.

"म्हणजे तुझा आवडता दिग्दर्शक," बाबा डोळे पुसत म्हणाले, "टॉकीजचा मॅनेजर!"

मला वाटलं, आता पुन्हा पेटणार. पण मामाही हसला. त्याला ते लागलं होतं, हे दिसत होतं. आयुष्यात ज्या एका गोष्टीला त्यानं नावं ठेवली नव्हती ती सहाच्या गर्दीला घाबरलेल्या माणसाच्या कात्रीतून आली होती. तो म्हणाला, "हो. आणि एवढं मोठं काम करून त्यानं पाटीवर नाव लावलं नाही. दाखवा असा दुसरा."

"पण लोकांनी मेहनतीनं केलेलं काम असं कापायचं म्हणजे..." बाबांनी सुरुवात केली.

"भाऊजी, कवळी करताना निम्मं काम घासून काढण्याचं असतं. न घासता दिली तर तोंडात जाणार नाही. त्या सिनेमाला शेवटी घासणारा माणूस भेटला, एवढंच."

मग ते संध्याकाळपर्यंत यावरच भांडले. आई म्हणाली, घर कसं भरल्यासारखं वाटतंय.

तेव्हापासून दोघं दर शनिवारी एकत्र जातात. मामानं नवा नियम केलाय. शेवट जवळ आला की तो उठतो आणि बाहेर जाऊन पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी उभा राहतो. कुठं उठायचं हे तो स्वतः ठरवतो आणि म्हणतो, माझा सिनेमा इथं संपला. जुन्यात बहुतेक वेळा कोर्टाच्या आधी उठतो, नव्यात कधी कधी मध्यंतरालाच. काउंटरवरची मुलगी आता त्याला ओळखते. परवा तिनं विचारलं, "काका, आज इतक्या लवकर?" तो म्हणाला, "बाई, यातली सगळी शहाणी माणसं घरी गेली, मी कशाला थांबू?"

बाबा मात्र पाटी संपेपर्यंत बसतात, कॅमेरा उचलणाऱ्यांची नावंसुद्धा वाचतात, आणि बाहेर आले की मामा विचारतो, "काय झालं?"

बाबा त्याला शेवट सांगतात. गेल्या शनिवारी मीही बरोबर होते. पडद्यावर सगळे जण विमानात बसून निघून गेले होते आणि भाग दोनची घोषणा झाली होती. बाबा बाहेर आले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "त्याची बायको खिडकीत उभी राहिली. काही बोलली नाही. आणि पडदा पांढरा झाला."

मामानं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "गाणं?"

"नाही."

"भाऊजी, खोटं बोलताना तुमचा पुढचा दात दिसतो," मामा म्हणाला, आणि आम्ही जिना उतरू लागलो.